भिंतीतली आईची वीट

वाढत्या वयाच्या मुलाच्या आईला बंद दाराबाहेर उभं राहायची सवय होऊन जाते. आत गाणी चालू असतात, आणि आपण चहाचा कप घेऊन, टकटक करावी की नाही या विचारात. परवा अशीच उभी होते, तर आतून शाळकरी मुलांचा कोरस ऐकू आला. सूर ओळखीचा वाटला. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला गिटारवाली मुलं हेच गाणं म्हणायची आणि आम्ही मुली, शब्द न कळता, टाळ्यांचा ठेका धरायचो. आत जाऊन विचारलं, "कोणाचं रे हे?"

"पिंक फ्लॉईड. 'द वॉल'. तू ऐकू नकोस आई, यात सगळा दोष आईचाच आहे," चिरंजीव म्हणाले आणि हसले.

हसला खरा, पण मला ते लागलं. आम्ही काही जणी एक सल्ला केंद्र चालवतो. मुलाने शाळा सोडली, व्यसन लागलं, कोणाशी बोलेनासा झाला, की नातेवाईक तावातावाने पहिला प्रश्न विचारतात, "आई काय करत होती?" आता साता समुद्रापलीकडच्या गाण्यातही तोच प्रश्न! म्हटलं, बघूया तरी. चार दुपारी, स्वयंपाकघर आवरल्यावर, मी 'द वॉल' ऐकला. शब्द समोर ठेवून, कळेना ते मुलाला विचारून.

नोव्हेंबर १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या या अल्बमच्या दोन तबकड्या आणि सव्वीस गाणी. गाणी सुटी सुटी नाहीत, सगळी मिळून एकच गोष्ट सांगतात. आपल्याकडे कीर्तनकार उत्तररंगात एक आख्यान लावून धरतो ना, तसंच. याला म्हणतात कॉन्सेप्ट अल्बम. आख्यान आहे पिंक नावाच्या गायकाचं. बाप महायुद्धात मेलेला. आई पोराला पंखाखालून बाहेर पडू देत नाही. शाळेत मास्तर चारचौघांत टिंगल करतात. मोठा होऊन तो नावारूपाला येतो, लग्न करतो, दौऱ्यावर असताना घरी फोन लावतो तर परक्या पुरुषाचा आवाज येतो. प्रत्येक घावागणिक एक वीट, असं करत तो स्वतःभोवती भिंत उभी करतो आणि आत बसून राहतो. आत त्याचं डोकं फिरतं, आपण हुकूमशहा झालो असा भास होऊ लागतो, आणि शेवटी त्याच्या मनातच एक खटला उभा राहतो. शिक्षा काय, तर भिंत पाडा.

ही गोष्ट आली कुठून? ती लिहिणारा रॉजर वॉटर्स त्याच बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा आणि गायचा. ६ जुलै १९७७ ला कॅनडात माँट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये कार्यक्रम चालू असताना पुढच्या रांगेत गोंधळ घालणाऱ्या एका चाहत्यावर तो चक्क थुंकला. नंतर त्याला स्वतःचीच शरम वाटली. आपल्यात आणि ऐकणाऱ्यांत एक भिंत उभी राहिली आहे, हा विचार त्यातून आला. १९८०-८१ च्या प्रयोगांत त्याने ती खरोखरच उभी केली. गाणी चालू असताना स्टेजवर पुठ्ठ्याच्या विटा रचत जायच्या, मध्यंतरापर्यंत सगळा बँड भिंतीआड, आणि शेवटी ती कोसळायची.

पण खरी पहिली वीट त्याच्या आधीची आहे. रॉजरचा जन्म सप्टेंबर १९४३ चा. वडील एरिक फ्लेचर वॉटर्स शाळेत शिक्षक. सुरुवातीला त्यांनी विवेकाला पटत नाही म्हणून हत्यार घ्यायला नकार दिला होता आणि लंडनवर बाँब पडत असताना रुग्णवाहिका चालवली होती. पुढे मत बदललं, सैन्यात गेले, आणि १८ फेब्रुवारी १९४४ ला इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा. आई मेरी, तीही शिक्षिका, दोन मुलगे घेऊन केंब्रिजला आली आणि तिने दोघांना वाढवलं.

हे कळलं आणि मी अल्बम पहिल्यापासून पुन्हा लावला. त्यात आईच्या नावाचंच एक गाणं आहे. मुलगा एकामागून एक प्रश्न विचारतो. बाँब पडेल का, लोकांना माझं गाणं आवडेल का, सरकारवर विश्वास ठेवू का, ती मुलगी मला बरी आहे का. आई समजावते ती अंगाईच्या सुरात. आणि त्या अंगाईत ती आपली सगळी भीती त्याच्या अंगात ओतते, भिंत बांधायला मदत करीन म्हणते, मुली पारखून देईन म्हणते. ऐकताना अंगावर काटा येतो. कारण खोटं कशाला बोलू, 'कुठे पोचलास, पोचल्यावर फोन कर, तो मित्र मला बरा वाटत नाही' हे सगळं माझ्याही तोंडात असतं. दिवसातून चारदा.

पण एक गोष्ट चौथ्यांदा ऐकताना लक्षात आली. त्या गाण्यात मुलाचे प्रश्न वॉटर्स गातो आणि आईची उत्तरं गातो डेव्हिड गिलमोर. म्हणजे आईचा आवाज पुरुषाचा! शेवटच्या खटल्यात मास्तर, बायको आणि आई साक्षीला येतात, तिथेही सगळे आवाज एकट्या वॉटर्सनेच काढले आहेत. मग या आख्यानात बाई बोलते कुठे? मला ऐकू आल्या त्या दोघी. एक गायकाच्या मागे त्याच्या खोलीवर आलेली पोरगी. आणि दुसरी टेलिफोन ऑपरेटर, तीही खरीखुरी. आपलं बोलणं ध्वनिमुद्रित होतंय हे तिच्या गावीही नव्हतं, आणि पलीकडून पुरुष फोन का ठेवून देतोय याचं तिला नवल वाटतं. आईला मात्र स्वतःचा आवाज नाही. जे ऐकू येतं ते मुलाच्या आठवणीतलं.

वॉटर्सला दोष द्यायला मी बसलेले नाही. गोष्ट पिंकच्या डोक्यातली आहे, तिथे सगळे त्याच्याच आवाजात बोलणार, हे नाट्य म्हणून पटतं. पण ऐकणारे ते विसरतात. मास्तर पोरांना छळतात त्याचं कारणही गाण्यात काय दिलंय, तर घरी त्यांच्या बायका त्यांना बडवतात! म्हणजे छडी मास्तरांची आणि पाप त्यांच्या बायकोचं. इथे मी मोठ्यांदा हसले. खटल्यात बायको येते, तिचा संताप आहे, पण तक्रार मुख्यतः अबोल्याची आहे, नवरा तिच्याशी बोललाच नाही ही. आणि आई? मास्तर शिक्षा मागतात, बायको राग काढते, पण आई एकटी न्यायाधीशांपुढे गयावया करते की याला मला घरी घेऊन जाऊ द्या. आरोपी म्हणून जिला उभी केली, तिचं मागणं एवढंच.

१९८२ साली ॲलन पार्करने यावर सिनेमा काढला. त्यात एक छोटा प्रसंग आहे. बागेत खेळायला आलेला बिनबापाचा पोरगा दुसऱ्याच मुलाच्या वडिलांचा हात धरायला बघतो आणि ते त्याला झटकतात. सिनेमात बरंच अंगावर येणारं आहे, पण माझ्या मनात राहिला तो हा हात. तो हात रिकामा कोणी केला? आईने? ज्यांनी अँझिओला माणसं पाठवली त्यांचं नाव त्या खटल्यात पुकारलंच जात नाही. बाई पुढ्यात असते, म्हणून हिशेब तिच्याकडे मागितला जातो.

त्याच इटलीत, पाच महिन्यांच्या आत, १० जुलै १९४४ ला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे पडले. रायगड जिल्ह्यातले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला पुतळा आहे. माणगावला उतरून मी तो पाहिला आहे, तेव्हा मनात फक्त अभिमान होता. आता वाटतं, पदक हाती आल्यावर त्यांच्या घरच्या बाईने पुढची वर्षं कशी काढली असतील, हे मी तेव्हा कोणालाच विचारलं नाही. विधवेची भीती हा काही स्वभावदोष नसतो. एक माणूस उंबऱ्याबाहेर गेला तो परत आलाच नाही, हे जिने पाहिलंय, ती दुसऱ्याला उंबरा ओलांडू देताना कचरणारच.

अर्थात म्हणून सगळं माफ, असंही नाही. आमच्या केंद्रात अशा आया येतात. नवरा अपघातात गेलेला, मुलगा पंचवीस वर्षांचा, आणि त्याचा मोबाइल रोज रात्री तपासायचा. त्यांच्याशी मी भांडते. तुमचं दुःख खरं, पण त्याच्या गळ्यात बांधू नका, हे स्पष्ट सांगते. वॉटर्सचं गाणं हेच सांगतं आणि ते खोटं नाही. माझं म्हणणं इतकंच की आई ही भिंतीतली एक वीट आहे, गवंडी नाही.

या गोष्टीत आणखी एक सावली आहे, सिड बॅरेटची. पिंक फ्लॉईडचा पहिला गायक आणि गीतकार. मन आणि तोल ढळत गेला, १९६८ मध्ये बँड सुटला. पिंकच्या वेडात त्याचा मोठा अंश आहे. तोही केंब्रिजचाच, लहानपणी रॉजरच्या आईच्या शाळेत तिच्या हाताखाली शिकलेला. जगाने पाठ फिरवल्यावर तो परतला ते केंब्रिजला, आईच्या घरी. २००६ मध्ये वारला तोवर त्याच गावात राहिला. आईचं घर भिंतही असतं आणि निवाराही, हे याच बँडच्या इतिहासात लिहिलेलं आहे.

शाळेच्या गाण्याबद्दल दोन शब्द, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. लंडनमधल्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेच्या मुलांनी तो कोरस म्हटला. 'शिकू नका' असा त्याचा अर्थ काढून आपल्याकडची पोरं खूश होतात, पण राग आहे तो मुलांची मनं साच्यात घालण्यावर. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांना तो बरोबर कळला. १९८० मध्ये त्यांनी हे गाणं आपल्या आंदोलनात म्हटलं आणि तिथल्या गोऱ्या सरकारने त्यावर बंदी घातली.

पुढे वॉटर्सही बदलला. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये उघडली, त्यानंतर जुलै १९९० मध्ये त्याने तिथे मोकळ्या मैदानावर 'द वॉल' केला. त्यात आईचं गाणं सिनेड ओ'कॉनर या आयरिश गायिकेने गायलं, आणि खटल्यातली आई झाली मरियन फेथफुल. एकदाची बाई बोलली! २०१० पासूनच्या दौऱ्यात तर त्याने युद्धात गेलेल्या माणसांचे फोटो लोकांकडून मागवले आणि भिंतीवर दाखवले. पहिला फोटो वडिलांचा. एका पोराच्या गाऱ्हाण्यातून सुरू झालेली भिंत अशी कितीतरी घरांची झाली.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. आईचा आवाज पुरुषाचा आहे, हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्याने लगेच बर्लिनचं रेकॉर्डिंग शोधून लावलं. आम्ही दोघांनी पलंगावर बसून ते ऐकलं. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "हिच्या आवाजात ती आई घाबरलेली वाटते. आधी नुसती कडक वाटायची."

मग म्हणाला, "जाताना दार लोटून घे."

मी लोटून घेतलं, कडी न लावता.