हळद लावली, जू तेच

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी आपल्याकडे बैलांची खांदेमळणी होते. हळद-तुपाने मान चोळायची, उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. विधी सुंदर आहे, आणि ज्याने तो घालून दिला त्याला बैलाचा खांदा कुठे सोलतो हे नक्की ठाऊक असणार. मात्र एरवी त्याच सुजलेल्या, फुटलेल्या खांद्यावर आपण जू ठेवतो आणि फार तर वर हळद-तेल थापतो. जुवाने घासून झालेली जखम जू उतरल्याशिवाय भरत नाही, लेप हळदीचा असो वा कडुनिंबाचा. हे न कळण्याइतके आपण अडाणी नाही. बैलाला विसावा दिला तर काम बुडते आणि हळद चिमूटभर पुरते, एवढाच हा हिशेब. जखमी जनावराला कामाला जुंपणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहून बैलांच्या माना पाहाव्यात, म्हणजे त्या कायद्याला आपल्यात किती किंमत आहे ते कळते. त्या उसाची साखर शहरातले आपणही खातो.

आणि शहरातले आपण कोणते वेगळे? कुत्र्याच्या जखमेत अळ्या पडल्या की फिनाईल नाहीतर रॉकेल ओततो. अळ्या मरतात, पण उघडे मांसही जळते, आणि जनावर तेच चाटून विष पोटात घेते. मांजराचे यकृत तर फिनाईलमधल्या फिनॉलचा निचराच नीट करू शकत नाही. शिकलेल्या घरांत हाच आंधळेपणा आता ‘नैसर्गिक’ म्हणून मिरवतो. टी ट्री तेल झाडाचे, म्हणून मांजराला चोळायचे; त्याने मांजराला विषबाधा होते. धोतराही झाडच आहे.

जखमेवरच्या हळदीसाठी अमेरिकेत 1995 साली दिलेले पेटंट शास्त्रज्ञ डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपण झगडून 1997 मध्ये रद्द करवले. तो अभिमान रास्त होता. पण हत्तींच्या वैद्यकावरच्या पालकाप्य मुनींच्या ज्या हस्त्यायुर्वेद ग्रंथात शल्यस्थान हा शस्त्रक्रियेचा स्वतंत्र भाग आहे, त्या परंपरेतून आपण उचलला तो फक्त लेप; जनावरापाशी बसण्याचे कष्ट तिथेच टाकून आलो.

तेव्हा आधी जखमेभोवतीचे केस कापा, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने ती धुवा, माशा बसू देऊ नका. जखम खोल असेल किंवा अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. हळद त्यानंतर. आणि खांदा भरेपर्यंत बैल जुंपू नका.