फॉरमॅट मारणे म्हणजे दुरुस्ती नव्हे!

मंडळी, आपल्याकडे संगणकाच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध आहे. "फॉरमॅट मारून टाकू!" चालू होताना अडकतोय? फॉरमॅट. डेस्कटॉप आला पण माऊसचं चक्र फिरतच राहिलंय? फॉरमॅट. निळा पडदा दिसला? मग तर विचारायलाच नको. आणि या उपचाराचे पैसे आपणच गुपचूप मोजतो.

जरा बघा तर खरं, आत काय चालतं ते. विंडोज सुरू होताना आधी ड्रायव्हर, मग सर्व्हिसेस आणि लॉगिन झाल्यावर स्टार्टअपच्या यादीतले प्रोग्राम लोड होतात. प्रिंटरवाला, चॅटवाला, अपडेटवाला... प्रत्येकाला वाटतं की दारात पहिला मीच उभा पाहिजे! त्यातले दोन कधीतरी एकमेकांच्या पायात पाय घालतात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे अँटिव्हायरस हे नेहमीचं उदाहरण. उघडणारी प्रत्येक फाईल तपासायला दोघेही धावतात आणि मशीन गुदमरतं. बरं, फॉरमॅट केल्यावर आपण काय करतो? तेच दोघे परत टाकतो. महिन्याभरात पुन्हा तोच तमाशा.

खरा गुन्हेगार शोधायची पद्धत जुनी आहे आणि फुकट आहे. सेफ मोडमध्ये मशीन चालू करा. तिथे नीट चाललं तर दोष बहुधा नंतर टाकलेल्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरचा किंवा ड्रायव्हरचा. मग नेहमीसारखं चालू करून 'एमएसकॉन्फिग' उघडा. सर्व्हिसेसच्या टॅबवर आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवा (हे विसरू नका, नाहीतर भलतंच काहीतरी बंद कराल) आणि उरलेल्या बंद करा. स्टार्टअपची यादी २०१२ च्या विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्ये गेली आहे, तीही बंद करा. रीस्टार्ट. त्रास गेला? आता निम्मे चालू करा. त्रास आला तर चोर या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यात. यादीत ३२ नावं असली तरी एकटा चोर ५ फेऱ्यांत सापडतो.

आणि दोन्ही निम्मे वेगवेगळे चालवले तर व्यवस्थित, पण एकत्र केले की बोंब? म्हणजे भांडणारे दोघे दोन गटांत आहेत. एक गट पूर्ण चालू ठेवा आणि दुसरा अर्धा-अर्धा करत जा. एक सापडला की त्याला चालू ठेवून पहिल्या गटाची तीच गत करा. दहाएक रीस्टार्ट, बस्स.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा ठरलेला प्रश्न. फॉरमॅट, मग विंडोज, मग ड्रायव्हर, मग अपडेट, मग सगळे प्रोग्राम. याला वेळ लागत नाही का राव? आमच्या ओळखीच्या एका छापखान्यात अशाच घाईत सी ड्राइव्ह पुसला गेला. फॉन्ट गेले, पेजमेकरच्या फायली गेल्या, कित्येक वर्षांचं काम गेलं. दुरुस्तीवाला मात्र "आता बघा कसं पळतंय" म्हणत पैसे घेऊन गेला!

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स आडवी झाली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. तिथे भांडण दोघांचं नव्हतं, चूक एकाचीच होती. पण उपाय काय सांगितला? सेफ मोडमध्ये जा आणि एक फाईल उडवा. डिस्कवर बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा. ८५ लाख मशीन्स फॉरमॅट करा असं कुणी म्हटलं नाही.

फॉरमॅट कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. व्हायरस खोलवर मुरला असेल तर तोच मार्ग, पण आधी बॅकअप. बाकी वेळी दुरुस्तीवाल्याला एवढंच विचारा, "भाऊ, नक्की कशामुळे होतंय?" उत्तर देता आलं नाही तर मशीन उचलून सरळ घरी आणा. पैसे वाचतील, फायलीही वाचतील.