यंत्राने माणसाचे सोंग आणू नये

यंत्रमानवाचे माणसाशी वर्तन स्वाभाविक असावे, अशी अपेक्षा व्यक्त होताच त्याला त्वचेसारखे आवरण, पापण्यांची उघडझाप आणि आर्जवी कंठ देण्याकडे निर्मात्यांचे लक्ष वळते. परंतु स्वाभाविकता आणि मानवसादृश्य या दोन भिन्न गोष्टी असून त्यांची गल्लत केल्याने यंत्रमानव घडविण्याच्या विद्येची हानीच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राचे रूप माणसाच्या जवळ येऊ लागले म्हणजे प्रथम आपुलकी वाढते, पण सादृश्य जवळजवळ पूर्ण होऊनही किंचित उणे राहिले की त्याच आपुलकीची जागा शिसारी घेते, हे मासाहिरो मोरी या जपानी यंत्रविशारदांनी १९७० सालीच मांडून ठेविले आहे.

हा धोका ओळखून ताकानोरी शिबाता या जपानी अभियंत्यांनी जी तजवीज केली, ती मला अत्यंत मार्मिक वाटते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या सोबतीसाठी ‘पारो’ हा सीलच्या पिल्लाच्या रूपाचा यंत्रप्राणी सिद्ध करताना त्यांनी माणसाचे रूप तर घेतले नाहीच, पण मांजराचाही प्रयोग करून तो नामंजूर केला. कारण ज्याने घरी मांजर पाळले, त्याला कृत्रिम मांजरातले वैगुण्य तत्काळ जाणवते, उलट हिमप्रदेशातील सीलचे पिल्लू ज्याने मांडीवर घेतले असा मनुष्य विरळा, आणि म्हणून तेथे तुलनेला आधारच उरत नाही. पारो शब्द उच्चारीत नाही. शुभ्र लोकरीखाली दडलेल्या संवेदकांमुळे थोपटणे कोणते आणि चापट कोणती हे तो जाणतो, आवाजाकडे मान वळवितो, आणि एवढ्यावर कित्येक वृद्धांना त्याचा लळा लागतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली.

मात्र लळा लावणे हाच ज्या वस्तूचा हेतू, तिच्या निर्मात्याची जबाबदारी विक्रीबरोबर संपत नाही, आणि या प्रश्नाचा विचार फारच थोडे लोक करतात. सोनी कंपनीने १९९९ साली बाजारात आणलेल्या ‘आयबो’ या यांत्रिक कुत्र्याची दुरुस्ती २०१४ साली बंद केली, तेव्हा जपानातील अनेक मालकांनी आपल्या निकामी आयबोंसाठी चिबा प्रांतातील बौद्ध मंदिरात रीतसर अंत्यविधी करविले. त्या दुःखाला वेडगळपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ते कारागिरांनी हेतुपुरस्सर जोपासलेल्या मायेचेच फळ होते. अशा यंत्रांच्या विक्रीस परवाना देताना दुरुस्तीची किमान मुदत लेखी हमीने बांधून घेण्याची तरतूद सरकारने कायद्यातच करावी.