काचेपलीकडचा आवाज

केट बुशचं ‘वदरिंग हाइट्स’ हे पहिलं सिंगल २० जानेवारी १९७८ रोजी ब्रिटनच्या बाजारात आलं, तेव्हा ती १९ वर्षांची होती. फेब्रुवारीत ते विक्रीच्या यादीत ४२व्या क्रमांकावर शिरलं. महिन्याभरात, अ‍ॅबाच्या ‘टेक अ चान्स ऑन मी’ला खाली सरकवून ते पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं आणि चार आठवडे तिथून हललं नाही. आयर्लंड, इटली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्येही ते पहिलं आलं. स्वतः रचलेलं गाणं गाऊन ब्रिटनच्या यादीत अव्वल ठरलेली ती पहिली स्त्री. एवढं कुठेही वाचायला मिळतं. मला लिहायचं आहे ते काचेच्या अलीकडे, कन्सोलपाशी बसणाऱ्या माणसांविषयी. म्हणजे तुमच्या-माझ्याविषयी.

आधी गाणं. मार्च १९७७मध्ये, पौर्णिमेच्या रात्री, पियानोपाशी बसून तिने ते लिहिलं. एमिली ब्राँटेच्या कादंबरीवरच्या बीबीसीच्या मालिकेचा शेवटचा भाग तिने पाहिला होता, पुस्तक पुढे वाचलं. मेलेली कॅथरीन रात्री खिडकीशी येते, आत घे म्हणून विनवते, हे चित्र तिच्या डोक्यात रुतलं होतं. त्यामुळे गाण्यातला तो चिरका, टोकाचा उंच आवाज हा लक्ष वेधण्यासाठी केलेला प्रयोग नाही. गाणारी माणसांतली उरलेली नाही, म्हणून ती माणसांसारखी गात नाही. आपल्याला हे नवं वाटू नये. बालगंधर्व भामिनी होऊन, रुक्मिणी होऊन गात असत. पात्र बाजूला ठेवून त्यांच्या गाण्याचा विचारच करता येत नाही.

हार्मोनियम पुढे ओढून याची स्वररचना एकदा तरी वाजवून पाहा. कडवं सुरू होतं पांढरी सहामध्ये. तिथून पांढरी चार, मग पांढरी तीन, मग काळी एक. चारही मेजर कॉर्ड, आणि ते एका पट्टीत मुळीच बसत नाहीत. पायाखालची फरशी दर पावलाला सरकते. ध्रुवपद येतं तेव्हा गाणं डी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे आपल्या काळी एकमध्येच गेलेलं असतं. कडव्यात शेवटी जो कॉर्ड परका वाटत होता, तोच आता घर होतो. ध्रुवपदाच्या ओळींची लांबीही सारखी नाही. बोटांवर मात्रा मोजू लागलात तर आपलंच काही चुकलं की काय असं वाटतं, पण गाताना कुठे अडत नाही. हे सगळं अठरा वर्षांच्या मुलीने, कुणी शिकवल्याशिवाय, कानाने शोधलेलं आहे. आणि एखाद्या जाणत्या अ‍ॅरेंजरने ते ‘सरळ’ करायला पाच मिनिटंही लागली नसती.

ते कुणी केलं नाही, ही मला या यशाची मुळातली बाब वाटते.

यामागे बराच काळ आहे. १९७५च्या जूनमध्ये पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरने स्वतःच्या खर्चाने तिची तीन गाणी लंडनच्या एअर स्टुडिओत ध्वनिमुद्रित करवून घेतली. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. त्याच गाण्यांच्या जोरावर ईएमआयने तिला १९७६मध्ये करारबद्ध केलं, आगाऊ रक्कम दिली आणि मग घाई केली नाही. पहिली तबकडी पडली तर पोरगी खचेल आणि चालली तर या वयात ते यश तिला पेलणार नाही, असा तिथल्या वरिष्ठांचा हिशेब होता. त्या काळात ती लिंडसे केम्पकडे मूकाभिनय आणि नृत्य शिकली, घरी गाणी लिहीत राहिली, १९७७मध्ये छोटा बँड घेऊन पबमध्ये गायली. ‘वदरिंग हाइट्स’ याच मोकळ्या वेळेतून आलं. कराराच्या दुसऱ्या महिन्यात तबकडी काढली असती तर हे गाणं तिच्यात असूच शकलं नसतं, कारण ते लिहिलंच गेलं नव्हतं.

१९७७च्या उन्हाळ्यात एअरमध्ये काम सुरू झालं. निर्माता आणि अ‍ॅरेंजर अँड्र्यू पॉवेल, ध्वनिमुद्रक जॉन केली. वादक मुरलेले: ड्रमवर स्ट्युअर्ट एलियट, गिटारवर इअन बेअर्नसन, ऑर्गनवर डंकन मॅकाय. पियानोवर ती स्वतः. पॉवेलने काय केलं ते तबकडीवर ऐकू येतं. आवाज इतका अधांतरी असताना त्याने खालची जमीन टणक ठेवली. ड्रम साधे, पियानो ठाम, तंतुवाद्यं मागून हळूच उचलणारी. विचित्रपणाला विचित्रपणा जोडला नाही. गायिका कुठेही गेली तरी परत टेकायला जागा आहे, एवढीच काळजी घेतली. अ‍ॅरेंजरच्या कामाचा याहून चांगला नमुना मला पटकन आठवत नाही.

आणि गायन? जॉन केलीने पुढे सांगितलं आहे की हा आवाज तुकडे जोडून केलेला नाही, सलग गायलेला टेक आहे. मिक्सिंगला मध्यरात्रीच्या सुमाराला बसले ते पहाटे पाच-सहापर्यंत, आणि केट त्यांच्याबरोबर होती.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक मुलगी तिच्या पहिल्या गाण्यासाठी माझ्या स्टुडिओत आली होती. ती स्वरावर थेट यायची नाही, थोडं खालून घसरत यायची. मी बावीस टेक घेतले, त्यांतले अक्षर-अक्षर निवडून एक ट्रॅक जुळवला, मग पिच करेक्शनने प्रत्येक स्वर जागेवर बसवला. मला त्या कामाचा अभिमान वाटत होता. गाणं ऐकवलं तेव्हा तिच्या आईने मला विचारलं, “दादा, हे कुणी गायलंय?” त्या बाईंना माझी चूक काढायची नव्हती, त्यांना खरंच कळलं नव्हतं. मुलीने मान खाली घातली. ते गाणं आलं आणि गेलं. मूळ टेक मी जागा मोकळी करण्यासाठी पुसून टाकले होते, याची टोचणी आजही आहे.

त्या वेळी माझा बचाव तयार होता: कंपनीला असंच लागतं. ईएमआयलाही दुसरंच लागत होतं. पहिलं सिंगल म्हणून त्यांनी ‘जेम्स अँड द कोल्ड गन’ निवडलं होतं, जे अधिक रॉकच्या चालीचं, ओळखीच्या वळणाचं होतं. केट अडून बसली. ‘वदरिंग हाइट्स’च पाहिजे. कंपनीने मानलं आणि नोव्हेंबर १९७७ ठरला. मग मुखपृष्ठावरचं छायाचित्र तिला पटेना. त्यावरही ती अडली आणि प्रकाशन नव्या वर्षात गेलं. हा उशीर पथ्यावर पडला, कारण त्या डिसेंबरात विंग्जच्या ‘मल ऑफ किनटायर’ने ब्रिटनमधल्या विक्रीचे तोवरचे सगळे विक्रम मोडले आणि त्याच्यापुढे नवख्या मुलीचा निभाव लागणं कठीण होतं. शिवाय रेडिओ केंद्रांना काही प्रती आधीच गेल्या होत्या. लंडनच्या कॅपिटल रेडिओने गाणं उचलून धरलं, लोक दुकानात विचारू लागले. पुढे बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर ती दिसली आणि क्रमांक भराभर वर चढला.

तेव्हा नशीब होतंच, आणि ते मी लपवणार नाही. अमेरिकेत हेच गाणं मुख्य शंभरांच्या यादीतही आलं नाही. आवाज वेगळा ठेवला की गाणं खपतं, असं मी कुणालाही सांगणार नाही. वेगळे आवाजही रोज पडतात. पण घासून-पुसून सारखी केलेली गाणीही तितकीच पडतात, आणि पडल्यावर गायकाकडे त्यातलं स्वतःचं असं काही उरत नाही. ज्याचं पहिलं गाणं आहे, त्याला दुसरं करायचं असतं. केटचं दुसरं सिंगल होतं ‘द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज’, सोळाव्या वर्षी गिल्मरच्या खर्चाने ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांपैकीच एक. तीन वर्षांपूर्वीचं तेच ध्वनिमुद्रण बाहेर आलं आणि सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. कुणीतरी ती रीळं जपून ठेवली होती.

१९८६मध्ये निवडक गाण्यांचा ‘द होल स्टोरी’ हा संग्रह काढताना केटने ‘वदरिंग हाइट्स’ नव्याने गायलं. जुना आवाज तिला फार कोवळा वाटत होता. नवं गायन भरदार आहे, श्वासावरचा ताबा पक्का आहे, आणि २८ वर्षांच्या कलावतीला तसं वाटणं मला समजतं. तरी मी दोन्ही पाठोपाठ ऐकतो तेव्हा खिडकीशी उभी असलेली मला पहिल्यातच दिसते.

जॉन केलीला त्या पहाटेच्या मिक्समधली एक गोष्ट पुढे खटकत राहिली. शेवटी बेअर्नसनचा गिटार सोलो येतो आणि गाणं विरत जातं. तो सोलो आपण आणखी वर ठेवायला हवा होता, असं त्याने म्हटलं आहे. हेडफोन लावून मी तो भाग परवा पुन्हा ऐकला. गिटार दूर, वाऱ्यावरून आल्यासारखी वाजते, आणि आवाज नाहीसा होईपर्यंत तिथेच राहते. मी असतो तर फेडरला हात लावला नसता.