माझी नाईट शिफ्ट चालते, तिची नाईट ड्युटी का नाही?

मुलगा अमेरिकेतल्या क्लायंटसाठी रात्री दोन वाजेपर्यंत कॉलवर बसला, तर आपल्याकडे त्याचं कौतुक होतं. 'आयटीत आहे, रात्रीचं काम असतं', असं अम्मी शेजारणीला अभिमानाने सांगते. दहा वर्षं मी हे काम करतोय. रिश्त्याच्या बोलणीतसुद्धा माझ्या रात्रपाळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्याच मोहल्ल्यातली एखादी मुलगी जीएनएम करून रात्री आठला ड्युटीवर निघाली, की मात्र सगळ्या गल्लीला तिच्या इज्जतीची काळजी वाटू लागते. मी रात्री जे सांभाळतो तो सर्व्हर असतो. ती माणसं सांभाळते.

याची दुसरी बाजू आणखी गमतीची आहे. आपल्या घरातली बाई बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली, की आपली पहिली मागणी असते, 'स्टाफ लेडीजच हवा.' मागणी रास्त आहे. पण या लेडीज स्टाफने यायचं कुठून? दुसऱ्यांच्या मुलींनी नर्स व्हायचं, रात्री जागायचं, आपल्या बायकांचा पडदा सांभाळायचा, आणि आपल्या मुलीने बी.एड. करून घरी बसायचं, असा हा हिशेब आहे. तो मला पटत नाही.

यामागे एक गैरसमज आहे. नर्सचं काम म्हणजे डॉक्टर सांगेल ते करणं, सलाईन लावणं, चादर बदलणं, असं आपण धरून चाललोय. प्रत्यक्षात डॉक्टर वॉर्डात येतो तो राऊंडपुरता. उरलेल्या वेळात रुग्णाकडे नजर असते ती नर्सची. श्वासाचा वेग वाढलाय, लघवी कमी झालीय, मघापर्यंत नीट बोलणारे चाचा आता असंबद्ध बोलताहेत, हे आधी तिच्या लक्षात येतं. आमच्या क्षेत्रात याला मॉनिटरिंग म्हणतात. सिस्टम एका क्षणात कोसळत नाही. आधी बारीक खुणा दिसतात आणि त्या वाचणारा कुणी जागेवर नसेल तर गाडी हातातून जाते. वॉर्डातही हेच होतं.

हे केवळ माझं मत नाही. २०१४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. एका नर्सवर एका रुग्णाचा भार वाढला, की रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात आढळलं. पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ही शक्यता ७ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे नर्स किती आणि किती शिकलेल्या, यावर माणूस जगतो की जात, हे काही अंशी ठरतं. आता आपल्या तालुक्याच्या गावातली खासगी रुग्णालयं आठवा. दहावी-बारावी झालेल्या मुलीला पांढरा कोट चढवून तिलाच 'सिस्टर' म्हणणारी कितीतरी आहेत. हातात इंजेक्शन घेतलेल्या व्यक्तीची नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय?

शुश्रूषा म्हणजे काय, हे मुंबईत तरी कुणी शिकवायला नको. केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग १९७३ साली त्याच रुग्णालयात अत्याचाराला बळी पडल्या आणि २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ४२ वर्षं, अंथरुणाला खिळून राहिल्या. तिथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. इतक्या वर्षांत अंगावर एक बेडसोअर होऊ दिला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली. ज्यांच्या घरात अर्धांगवायूचा रुग्ण आहे त्यांना कळेल मी काय म्हणतोय. दर दोन तासांनी कूस बदलणं एक महिना नेमाने करून बघा.

रुग्णालयाबाहेरचं काम तर आपल्या वस्त्यांसाठी जास्त मोलाचं आहे. २०२२ च्या शेवटी गोवर पसरला तो गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात. ही नावं वाचून आपल्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. दाटीची घरं, कुपोषण ही कारणं होतीच. पण नऊ महिन्यांचा पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधला दुसरा डोस न मिळालेली मुलंही होती. एएनएम आणि आशाताई दारात यायच्या आणि आतून 'घरात कुणी नाही' असं उत्तर यायचं, ही तक्रार जुनी आहे. लसीने ताप येतो, मूल होत नाही, असल्या व्हॉट्सअ‍ॅपी अफवांना उत्तर द्यायला जी बाई लागते ती ओळखीची असावी लागते. खालाच्या ओट्यावर बसून, तिच्याच बोलीत, 'ताप एक-दो दिन का है, घबराव मत', असं म्हणणारी.

किंवा रमजान घ्या. आपल्या घरांत साखरेचा आजार किती आहे हे मी सांगायला नको. इन्सुलिनवर असलेल्या माणसाने रोजा ठेवायचा की नाही, डोस कसा बदलायचा, हे रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवं. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं मधुमेहतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. हे घरोघर पोहोचवणार कोण? ओपीडीत डॉक्टरला एका रुग्णासाठी चार मिनिटंही नसतात. मोहल्ल्यातली एक शिकलेली नर्स हे काम करू शकते.

दीनचा हवाला देणाऱ्यांना एवढंच सांगतो, की रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव सीरतच्या ग्रंथांत आहे. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना मस्जिदे नबवीतल्या त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं. जलशात हे नाव घेणारे घरच्या मुलीला नर्सिंगचा फॉर्म भरू देत नाहीत, तेव्हा मला हसू येतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे: पगार. खासगी रुग्णालयांत नर्सची सर्रास पिळवणूक होते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं, की ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही नर्सला महिना किमान २० हजार मिळावेत आणि २०० हून जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी नर्सइतकाच पगार असावा. अंमलबजावणी राज्यांवर सोडली आणि ती तिथेच अडकली. समाजाच्या पैशावर चालणारी रुग्णालयंही आहेत. त्यांच्या विश्वस्तांना आपण हा प्रश्न विचारू शकतो, शुक्रवारच्या नमाजनंतर, मशिदीच्या दारात.

आमच्याकडच्या एका शिष्यवृत्ती समितीच्या फॉर्मवर मेडिकल आणि इंजिनियरिंग असे दोन रकाने आहेत. नर्सिंग 'इतर'मध्ये जातं आणि 'इतर'साठी पैसे शेवटी उरले तर. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, बारावी सायन्सनंतर. जीएनएम तीन वर्षांचं, त्याला आर्ट्सची मुलगीही चालते, आणि मुलगाही चालतो. वॉर्डात 'ब्रदर' लागतातच. यंदाच्या बैठकीत तिसरा रकाना मागणार आहे. तुमच्या गावातल्या समितीची बैठक कधी असते, तेवढं शोधून ठेवा.