जाहीर आवाहन : आपला बस थांबा आपणच मोजूया

पुण्यातील बसप्रवासी, थांब्याशेजारचे दुकानदार, रिक्षाचालक आणि सोसायट्यांमधील रहिवासी यांस,

बस थांबा सुधारायचा म्हटलं की पहिली मागणी येते शेडची. ती रास्तच आहे. जिथे जाहिरातीला भाव आहे तिथे स्टीलची चकचकीत शेड उभी राहते आणि आतल्या पेठेत किंवा उपनगरात नुसता खांब असतो, तोही कधी कधी झाडामागे. आमचं म्हणणं एवढंच, की शेड, बाक, दिवा सगळं मिळालं तरी गुडघे दुखणाऱ्या आजींना बसमध्ये चढता आलं नाही, तर त्या थांब्याचा त्यांना उपयोग नाही. खरी अडचण फूटपाथची कड आणि बसचं दार यांच्यामधल्या जागेत आहे.

साधा हिशेब पाहा. लो फ्लोअर बसची फरशी रस्त्यापासून साधारण 40 सेंटीमीटर उंच असते आणि नियमाप्रमाणे बांधलेल्या फूटपाथची कड 15 सेंटीमीटर. बस कडेला लागली तर प्रवाशाला 25 सेंटीमीटर चढायचं असतं. बस रस्त्यातच थांबली, तर आधी फूटपाथवरून उतरा, दुचाक्यांमधून वाट काढा आणि मग पूर्ण 40 सेंटीमीटर चढा. घरच्या जिन्याच्या दोन पायऱ्यांहून जास्त, तेही एका दमात आणि मागून कंडक्टरचं ‘चला, चला’ ऐकत. व्हीलचेअरसाठी दारात घडीचा रॅम्प असतो, पण तो फूटपाथवर टेकला तरच कामाचा. रस्त्यावर टेकवला तर चढ इतका उभा होतो की ढकलणाऱ्यालाही धास्ती वाटावी. उंच फरशीच्या जुन्या बसबद्दल तर बोलायलाच नको.

बस लांब का थांबते? चालकाला बोल लावणं सोपं आहे, आणि कधी कधी तो बोल खराही असतो. पण थांब्यासमोर तीन रिक्षा उभ्या असतात, पुढे कुणाची तरी ‘दोनच मिनिटांसाठी’ लावलेली गाडी असते, पावसाळ्यात कडेला घोटाभर पाणी साचलेलं असतं, वर छपराला घासणारी फांदी असते. बारा मीटरची बस अशा खोबणीत घालायची कशी? बस लांब थांबते म्हणून प्रवासी रस्त्यावर उतरून उभे राहतात, आणि प्रवासी रस्त्यावर असतात म्हणून बस आणखी लांब थांबते.

याच शहरात मार्च 2022 पासून मेट्रो धावते. तिच्या स्थानकात लिफ्ट आहे, अंध प्रवाशांसाठी जमिनीवर उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या आहेत, गाडीत पुढच्या स्थानकाचं नाव मोठ्याने सांगितलं जातं. त्याच प्रवाशाने खाली येऊन बस धरायची म्हटली, तर कोणत्या क्रमांकाची बस आली हे शेजारच्याला विचारावं लागतं. हा उपकाराचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये सुविधा कुठे हव्यात ते सांगताना रेल्वे स्थानक आणि विमानतळाच्या बरोबरीने बस थांब्याचा स्पष्ट उल्लेख आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसते सल्ल्यापुरते ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत.

मग घोडं अडतं कुठे? थांबा शहरातल्या बस चालवणाऱ्या पीएमपीएमएलचा, फूटपाथ महापालिकेचा, समोरचं पार्किंग वाहतूक पोलिसांचं. अर्ज एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहतो. म्हणून आमची विनंती अशी : तक्रार करण्याआधी मोजमाप घ्या. येत्या रविवारी सकाळी शेजारच्या दोघा-चौघांना घेऊन आपल्या थांब्यावर जा. सोबत मोजपट्टी असू द्या, आणि जमलं तर काठी, कुबडी किंवा व्हीलचेअर वापरणारं कुणीतरी. कड किती उंच, फूटपाथ किती रुंद, मध्ये डीपी बॉक्स किंवा टपरी आहे का, पाणी कुठे साचतं, रात्री दिवा लागतो का, पाटीवरचे मार्ग क्रमांक आजचेच आहेत का, हे लिहून घ्या आणि फोटो काढा. मग एकच पत्र लिहा आणि ते तिन्ही दारी द्या. पोच घ्यायला विसरू नका. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवण्याची सोय पुण्यात 2006 पासून आहे. तो अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मागा आणि त्यात फक्त ‘थांबा सुधारा’ असं न लिहिता घेतलेली मापं लिहा. मापं लिहिलेला अर्ज टाळणं अधिकाऱ्याला जड जातं.

काही गोष्टींना तर अर्जही लागत नाही. बस थांब्याजवळ वाहन लावायला वाहतुकीच्या नियमांतच मनाई आहे. दुकानदारांनी आपल्या ग्राहकांना तसं सांगावं, रिक्षाचालक दादांनी रांग थोडी पुढे सरकवावी. चालक-वाहकांनी पांढरी काठी दिसली की मार्ग क्रमांक मोठ्याने सांगावा. आणि प्रवाशांनो, बस दिसली की रस्त्यावर धावू नका. फूटपाथवर उभे राहून हात दाखवा. कडेला लावणाऱ्या चालकाला चढताना एक ‘धन्यवाद, दादा’ म्हणा.

येत्या रविवारी मोजपट्टी घेऊन आपल्या थांब्यावर या.

आपले,
रोज बसने जाणारे काही पुणेकर