काळी पाच आणि डिस्टिंक्शन

गेल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. आरती झाली, मोदकांची रांग संपली आणि गाण्यांचा कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळेला फोन आला, की पेटीवाले काका एम-25 वर अडकलेत. तबला तयार, काकू भावगीत म्हणायला तयार, पेटीचा मात्र पत्ता नाही! मुलांचं एक फिल्मी गाणं नंतर होतं, त्यामुळे दोन गिटार हॉलमध्ये होत्या. "अहो, पोरांपैकी कुणीतरी धरा की साथीला," असं म्हणून सगळ्यांनी एका मुलाला पुढे ढकललं. ग्रेड आठ पास, तेही डिस्टिंक्शनमध्ये. त्याने बसल्या बसल्या विचारलं, "म्युझिक कुठे आहे?" म्हणजे कागद! काकू म्हणाल्या, "कागद कसला रे बाळा, काळी पाच घे आणि माझ्या मागनं ये." पोरगं कानापर्यंत लाल झालं. मग दुसरी गिटार घेऊन तेरा वर्षांची एक मुलगी उठली. तिने एकही ग्रेड दिलेली नाही. मला हळूच विचारलं, "काळी पाच म्हणजे बी फ्लॅट ना, सर?" दोन ओळी नुसत्या ऐकल्या आणि तिसरीला हलकेच आत शिरली. फार काही वाजवलं नाही तिने. दोन-दोन सूर, काकूंच्या आवाजाखाली. काकूंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यातच सगळं आलं.

दोघंही माझेच विद्यार्थी. म्हणून तर हा लेख!

मी इथल्या आपल्या काउंटीच्या म्युझिक स्कूलमध्ये वीसेक वर्षं गिटार आणि जॅझ शिकवतो. आठवड्यात मुलांचे वेगवेगळे धडे आणि शनिवारी साडेदहाला जॅझ ग्रुप. त्या मुलाला ग्रेड पाचनंतर आईवडिलांनी ग्रुपमधून काढलं, कारण "शनिवार वाया जातो". मी तेव्हा गप्प बसलो. पालकांशी कोण वाद घालणार, त्यात आपलीच माणसं! ती माझी चूक होती, आणि ती पुन्हा करायची माझी इच्छा नाही. तेव्हा मंडळी, आज थोडं स्पष्ट लिहितो.

ग्रुपमध्ये आम्ही करतो काय? एका वडिलांनी तक्रार केली होती, की सहा आठवडे झाले, मुलगा अजून तीनच कॉर्ड वाजवतोय. अगदी खरं आहे. ब्लूज म्हणजे 12 बारचं आवर्तन, 48 मात्रा, आणि मुळात तीन कॉर्ड. मी सुरुवातीला प्रत्येक कॉर्डमधले दोनच सूर देतो, तिसरा आणि सातवा. बी फ्लॅटवरून ई फ्लॅटवर जाताना दोन्ही बोटं एक फ्रेट मागे सरकतात, एफवर जाताना बी फ्लॅटच्या जागेवरून एक फ्रेट पुढे. झालं! हे शिकायला दहा मिनिटं लागतात. उरलेले सहा आठवडे लागतात ते दुसऱ्याचं ऐकायला. सॅक्सोफोनवाली मुलगी श्वास घेते तेव्हा काय करायचं, ड्रमवाला पळायला लागला तर त्याला धरून कसं ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे कधी वाजवायचं नाही. (यातलं शेवटचं आमच्यातल्या काही तबलजींनीही शिकायला हरकत नाही, पण ते असो.) आणि बी फ्लॅटच का? तर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाल्यांना असे फ्लॅटचे सूर सोयीचे पडतात, म्हणून जॅझची कितीतरी गाणी तिथेच बसतात. गिटारवाल्या पोरांना ते आधी अवघडच जातं. पण त्याच अवघडातून ती मुलगी काकूंच्या काळी पाचपर्यंत पोचली.

"पण त्याला सोलो कधी मिळणार?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. फ्रेडी ग्रीन नावाचा गिटारवादक 1937 साली काउंट बेसीच्या बँडमध्ये आला आणि 1987 मध्ये वारला तोपर्यंत त्याच खुर्चीवर होता. जवळजवळ पन्नास वर्षं! सोलो त्याने क्वचितच वाजवले असतील. बारला चार ठोके, शांतपणे, आणि सगळा बँड त्याच्यावर उभा. आपल्या पोराला असलं काम दिलं तर आपल्याला अपमान वाटतो.

आता परीक्षांबद्दल. मी परीक्षांच्या विरुद्ध नाही. दरवर्षी मी स्वतः मुलं बसवतो. बोटांना शिस्त लागते, वाचन सुधारतं. पण परीक्षेची तीन गाणी वर्षभर घोटायची, पास व्हायचं, पुढची तीन घ्यायची, आणि मधल्या काळात चौथं गाणं वाजवायचंच नाही, याला शिकणं म्हणत नाहीत. घरी पाहुणे आले की हा मुलगा परीक्षेतलंच गाणं वाजवतो, कारण त्याला दुसरं येतच नाही.

"यूकॅसचे पॉइंट्स मिळतात," असं सांगतात. मिळतात, ग्रेड सहापासून पुढे. पण आपली निम्मी मुलं मेडिसिनला जाणार असं आपणच गृहीत धरलेलं असतं, नाही का? मग बहुतेक मेडिकल स्कूल ऑफर देतात ती ए-लेव्हलच्या ग्रेडवर, पॉइंट्सवर नव्हे. ऑक्सफर्ड-केंब्रिजचंही तेच. म्हणजे ज्या पॉइंट्ससाठी शनिवार घालवला, ते तिथे कुणी मोजतही नाही!

तिसरा आक्षेप भावनेचा. "आपलं संगीत सोडून हे काळ्या-गोऱ्यांचं कशाला?" मुलांनी गाणं, तबला शिकावा असं मलाही वाटतं. राग आणि जॅझ एकच आहे, असं मी कधीच म्हणत नाही, आणि स्टेजवरचं ते घाईघाईचं फ्यूजन तर मला ऐकवतही नाही. पण 'आपलं नाही' म्हणताना जरा आपली माणसं आठवा. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेहून आलेल्या कृष्णवर्णीय वादकांचे जॅझ बँड वाजत होते, आणि गोव्याची मुलं ते कानांनी टिपून घेत होती. त्याच पिढीतला गोव्याचा शिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेट घेऊन सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात बसला. सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर, आणि 1951 चा 'अलबेला' काढणारे भगवानदादाही आपलेच. ज्या गाण्यांवर गणेशोत्सवात आपण नाचलो, त्यांतल्या सॅक्सोफोन-ट्रम्पेटला तेव्हा कुणी परकं म्हटलं नाही.

आणि इथलंच उदाहरण हवं असेल तर अमान्सियो डिसिल्वा. गोव्याच्या घराण्यातला, मुंबईत जन्मलेला गिटारवादक. 1960 च्या दशकात लंडनला आला आणि 1969 मध्ये त्याची 'इंटिग्रेशन' ही रेकॉर्ड निघाली. त्याच वर्षी जमैकाहून आलेल्या जो हॅरियटबरोबर 'हम दोनो'. आपण इथे मंडळात चकल्या तळायला जमायच्या कितीतरी आधी आपल्याकडचा एक माणूस इथल्या जॅझमध्ये स्वतःच्या आवाजात बोलत होता. आपल्या मुलांपैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय? ऐकवणार कोण?

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. इंग्लंडमधले म्युझिक हब शंभरावर होते, ते सप्टेंबर 2024 पासून 43 वर आणले गेले. मोठे हब, मोठे हिशेब. कुठल्या वर्गात किती मुलं, हे आता दर टर्मला विचारलं जातं. माझ्या शनिवारच्या ग्रुपमध्ये मागच्या वर्षी अकरा मुलं होती, आता सहा आहेत. गेलेल्या पाचांपैकी चार मराठी घरांतली. कुणी ग्रेड सहासाठी, कुणी मॅथ्सच्या ट्यूशनसाठी. पाचाच्या खाली आकडा गेला की वर्ग बंद, असं मला सांगण्यात आलंय. खाजगी धडे चालूच राहतील, ज्यांना परवडतात त्यांचे. पण सॅक्सोफोनवाली ती मुलगी शाळेच्या उसन्या वाद्यावर वाजवते. ती कुठे जाणार?

मंडळाकडे माझं एक मागणं आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात या सहा मुलांना दहा मिनिटं द्या. मागच्या वेळी 'कार्यक्रम भरगच्च आहे' असं उत्तर मिळालं, आणि त्याच संध्याकाळी चाळीस मिनिटं सीडी लावून नाच झाले. नाचांवर माझा राग नाही. त्यातली दहा मिनिटं द्या, एवढंच. आणि ज्यांची मुलं ग्रुप सोडून गेली, त्यांनी एकदा शनिवारी साडेदहाला नुसतं येऊन मागे बसावं. चहा मी देतो.

हो, राहिलंच. गणपतीनंतर दोन दिवसांनी त्या मुलीच्या बाबांचा फोन आला. खूश होते. म्हणाले, "सर, तिची तयारी दिसतेय चांगली. मग आता शनिवारचं बंद करून तिला डायरेक्ट ग्रेड पाचलाच बसवू या का?"